नवशिक्यांसाठी क्रोशे: वाणाचा तिळाचा लाडू, मग मोदक, मग चिमणाळं

सुईदोरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. म्हणजे आत्ता सुई हातात घेतली तर यंदाचं वाण स्वतःच्या हातचं देता येईल, आजवर क्रोशाला हात न लावलेल्यांनासुद्धा. आत फायबर भरलेल्या छोट्या शोभेच्या वस्तू कशा करायच्या, हे इथे बऱ्याच जणींनी विचारलं होतं, म्हणून स्वतंत्र धागा काढते आहे.

माझं सांगणं एकच: सुरुवात एका तुकड्यात पूर्ण होणाऱ्या वस्तूने करा. नव्याने शिकणारे व्हिडिओत ससा किंवा अस्वल बघतात आणि तेच करायला घेतात. त्यात डोकं, धड, दोन हात, दोन पाय, दोन कान असे आठ तुकडे वेगवेगळे विणून एकमेकांना जोडायचे असतात. विणण्यापेक्षा ते जोडणंच जास्त जिकिरीचं. कान एका उंचीवर बसेनात की माणूस कंटाळतो आणि अर्धवट ससा पिशवीत पडून राहतो. गोळ्याचं तसं नाही. गोळा जमला की लाडू, चिकू, भोपळा, मोदक, चिमणीचं अंग सगळं त्यातूनच निघतं.

सामान फार लागत नाही. चार पदरी सुती धागा (मिल्क कॉटन नावाने मिळतो तोही चालेल), 2.5 मिमीची क्रोशाची सुई, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, भरायला पॉलिएस्टरचा फायबर आणि खुणेसाठी एक सेफ्टी पिन. धाग्याच्या वेष्टनावर सुईचा नंबर 3.5 किंवा 4 छापलेला असेल, तो शाल-स्वेटरच्या सैल विणीसाठी असतो. आपण बारीक सुई घ्यायची, म्हणजे वीण घट्ट येते आणि आतला पांढरा फायबर टाक्यांमधून डोकावत नाही. रंग फिका घ्या, गुळाच्या रंगाची फिकट छटा लाडवाला छान दिसते. संक्रांत म्हणून काळ्या धाग्याचा मोह होईल, पण गडद धाग्यात टाका कुठे संपला आणि कुठे सुरू झाला हे सरावलेल्या डोळ्यांनाही चटकन कळत नाही, रात्री ट्यूबलाइटखाली तर नाहीच.

टाका एकच शिकायचा, मुका खांब. सुई टाक्याच्या दोन्ही पदरांखालून घालायची, धागा ओढून आणायचा, सुईवर दोन वेढे दिसतील. पुन्हा धागा घेऊन त्या दोन्हींतून एकदम बाहेर काढायचा. वाढवायचं म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब घालायचे.

आता लाडू. पहिल्या फेरीत रिंगमध्ये 6 मुके खांब. दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले 12. तिसरीत एक साधा आणि पुढच्यात दोन असं सहा वेळा, 18. चौथीत दोन साधे आणि तिसऱ्यात दोन, 24. इथवर हातात चपटी चकती असते. पुढच्या चार फेऱ्या 24 वरच सरळ विणायच्या, की कडा वर वळून वाटी होते. मग घटवायला लागायचं: दोन साधे, दोनांचा एक असं करत 18, नंतर एक साधा, दोनांचा एक करत 12. इथे थांबून फायबर भरायचा आणि शेवटच्या फेरीत सगळे दोनांचे एक करत 6 वर यायचं. सगळे मिळून 192 टाके, धागा साधारण सात-आठ मीटर, लाडू पावणेचार-चार सेंटीमीटरचा. पन्नास ग्रॅमच्या गुंडीत डझनभर आरामात होतात.

फेरी संपली की जोडायची नाही, गोल गोल चढतच जायचं. म्हणूनच पिन लागते: प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात ती अडकवायची, परत पिनेपाशी आलं की फेरी पुरी. टाके मोजायचा आळस मात्र करू नका. दर फेरीच्या शेवटी मोजलं तर चूक एका फेरीत सापडते आणि धागा ओढून तेवढंच उसवता येतं. क्रोशाचा हा मोठा गुण आहे, सुईवर एकच जिवंत वेढा असतो, त्यामुळे बाकीचे टाके निसटायची भीती नाही.

घटवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण वस्तू सुबक दिसते की गबाळी हे इथे ठरतं. नेहमीच्या पद्धतीने दोन टाके एकत्र विणले की तिथे गाठीसारखा उंचवटा येतो आणि शेजारी भोक पडतं. त्याऐवजी सुई पहिल्या टाक्याच्या फक्त पुढच्या पदरात घाला, धागा न घेता तशीच दुसऱ्या टाक्याच्या पुढच्या पदरात घाला. सुईवर आता तीन वेढे आहेत. धागा घेऊन पहिल्या दोनांतून काढा, पुन्हा घेऊन उरलेल्या दोनांतून. बाहेरून बघणाऱ्याला कुठे घटवलं ते सापडत नाही.

तीळ घालायचे ते 12 टाके उरल्यावर, फायबर भरण्याआधी. पांढऱ्या दुहेरी दोऱ्याने आखूड, वाकडेतिकडे टाके सगळीकडे घाला, गाठी आतच राहतील. फायबर बोटांनी पिंजून, चिमूट चिमूट घेऊन पेन्सिलीच्या बोथट टोकाने कडेला आधी सारा, मधे नंतर. अख्खा बोळा कोंबला तर लाडवाला टेंगळं येतात. शेवटी उरलेल्या सहा टाक्यांच्या पुढच्या पदरांतून बोथट सुईने धागा ओवून घट्ट ओढा, मग तीच सुई मधोमध खुपसून लाडवाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर काढा. धागा किंचित ताणून अगदी लगत कापला की टोक आपोआप आत जातं.

करून बघा आणि प्रचि (प्रकाशचित्रं) टाका. अडलं तर इथेच विचारा.

परळची_पोर

वाचनखूण साठवली! ताई, तुम्ही रिंग म्हणालात ती मॅजिक रिंगच ना? बोटाला धागा गुंडाळून करतात ती? माझ्या बोटावरून ती दर वेळी सुटते. दुसरा काही मार्ग आहे का?

सुईदोरा

आहे, आणि नवशिक्यांनी खुशाल तोच वापरावा. दोन साखळ्या घाल (सुईवरच्या वेढ्यातून धागा ओढून काढला की एक साखळी) आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत सहाही मुके खांब घाल. मधे अगदी बारीक छिद्र राहतं, ते सुरुवातीच्या शेपटाने आतून शिवून टाकायचं. वस्तू भरून झाली की फरक कळतही नाही. मॅजिक रिंग सवडीने शीक. त्यातही धाग्याचं सुरुवातीचं शेपूट बोटभर लांब ठेव आणि सहा टाके होईपर्यंत करंगळीखाली दाबून धर, म्हणजे सुटणार नाही.

मुलुंडचा_विणकर

उत्तम धागा. एक भर घालतो. दर फेरीत सहाच का वाढवायचे, हे कळलं की पाठ करावं लागत नाही. वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ 2π म्हणजे साधारण 6.28 ने वाढतो. मुका खांब जेवढा उंच जवळजवळ तेवढाच रुंद असतो, म्हणून एक फेरी वाढली की कडेला सहा टाके जास्त लागतात. सहापेक्षा कमी वाढवलेत तर चकती आधीच वाटीसारखी वळते, जास्त वाढवलेत तर कडेला झालर येते. तेव्हा चकती वळलेली किंवा लाटा आलेली दिसली तर आधी टाके मोजा. हाताच्या घट्ट-सैलपणाचा दोष त्यानंतर शोधा.

माझी एक शंका आहे. इंटरनेटवरच्या एका नमुन्याप्रमाणे गोळा केला तर तो लांबुळका झाला आणि जाळीतून फायबर दिसतोय. सुई 2.5 चीच आहे.

सुईदोरा

दादा, हे त्रिज्येचं गणित इथे आलं हे फार बरं झालं.

तुमचा नमुना ब्रिटिश असणार. त्यांचा ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’, म्हणजेच आपला मुका खांब. तुम्ही तिथे पूर्ण खांब घातले असतील. खांब उंच असतो, म्हणून गोळाही उंच झाला आणि जाळी पडली. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हे नाव कुठेच दिसलं नाही तर तो ब्रिटिश समजा आणि मुके खांब घाला.

ठाकुर्ली_फास्ट

दोन पिशव्या ठेवायच्या, ही माझी पद्धत. घरच्या पिशवीत सुरुवातीच्या आणि घटवायच्या फेऱ्या, लोकलच्या पिशवीत मधल्या सरळ फेऱ्यांचे गोळे. बसायला मिळालं की सरळ फेऱ्या न बघताही होतात, आणि सीट सोडायची वेळ आली तर कुठेही थांबता येतं. वाढवायची फेरी गाडीत घेतलीत तर कुर्ल्याला कुणीतरी ‘कुठे उतरणार?’ विचारतंच आणि आकडा डोक्यातून जातो. लेडीज डब्यात हातात विणकाम दिसलं की शेजारची बाई आपणहून शिकवायला बसते, हा फायदा वेगळाच. हवेत ओढायचा टाका मला एका अनोळखी मावशींनी दिवा स्टेशन यायच्या आधी शिकवला!

सामान कुठून घेता सगळे?

सुईदोरा

हवेत ओढायचा टाका म्हणजे धागा सुईच्या वरून न घेता खालून घेण्याचा ना? त्याने टाका इंग्रजी ‘व्ही’ऐवजी फुलीसारखा दिसतो आणि वीण आणखी घट्ट बसते. ज्यांचा हात सैल आहे त्यांनी जरूर करून बघावा, फक्त एका वस्तूत दोन्ही पद्धती मिसळू नका.

सामानासाठी मी दादर पश्चिमेलाच जाते, लोकरी आणि शिवणाचं सामान दोन्ही तिथे मिळतं. जास्त प्रमाणात हवं असेल तर क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीट. गोंडे, लेस, मणी, जरीच्या दोऱ्या यांना भुलेश्वरसारखं ठिकाण नाही. फायबर मात्र हस्तकलेच्या दुकानात लहान पुडक्यांत घेण्याऐवजी गादीवाल्याकडे ‘उशीत भरायचं रेक्रॉन’ म्हणून मागा, किलोवर मिळतं.

अबोली

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नये. लाडू करायचा तर करू, पण नवशिक्याचा उत्साह टिकतो तो चेहऱ्यामुळे. माझी भाची दहावीत आहे. तिला गोळा दे म्हटलं तर ती सुई हातात धरणार नाही, ससा म्हटलं तर रात्री बसेल. आठ तुकडे अवघड असतात हे मान्य, पण आवडीच्या वस्तूसाठी माणूस अवघडही करतो. आपण सगळ्यांना एकाच वाटेने नेऊ नये असं वाटतं.

सुईदोरा

राग कसला, अबोली, मुद्दा पटण्यासारखा आहे. आवड नसेल तर 192 टाकेही डोंगराएवढे वाटतात. मग भाचीला चेहऱ्याचाच गोळा दे. 24 ऐवजी 30 पर्यंत वाढवायचं, म्हणजे वरच्या नमुन्यात आणखी एक फेरी, तीन साधे आणि चौथ्यात दोन. मग पाच फेऱ्या सरळ आणि उतरताना पहिली फेरी तीन साधे, दोनांचा एक. सगळे 300 टाके होतात. त्यावर काळ्या दोऱ्याने दोन डोळे, गुलाबी नाक आणि वर दोन लांबट कान. झाला सशाचा चेहरा, जोडकाम फक्त दोन कानांचं. डोळे गोळ्याच्या मध्यरेषेच्या किंचित खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवले की चेहरा लगेच गोजिरवाणा दिसतो. मैत्रिणीच्या दप्तराला लावायला दिलास तर वर्गातून मागण्या येतील.

तरी एकाच गोष्टीवर मी ठाम आहे: भेट म्हणून द्यायची पहिली वस्तू पूर्ण झालेली असावी. अर्धा ससा कुणाला देता येत नाही.

शिवडी_सकाळ

माझा गोळा आतून छान आणि बाहेरून ओबडधोबड दिसतोय. असं का?

ठाकुर्ली_फास्ट

तो उलटा आहे. वाटी झाल्यावर कापड उलटं करतात तसं बाहेर काढ. सुलट बाजूला ‘व्ही’च्या रांगा दिसतात, उलट बाजूला आडव्या दांड्या. पुढे विणताना सुई बाहेरून आत गेली पाहिजे. तुझी आतून बाहेर येत असणार.

चाफेकळी

ताई, माझ्या नणंदेच्या बाळाचं बारसं आहे. पूर्वी पाळण्यावर कापडी चिमण्यांचं चिमणाळं बांधायचे, तसं क्रोशाचं करावं असं मनात आहे. जमेल का? डोळ्यांना काळे प्लास्टिकचे मणी आणलेत.

सुईदोरा

नक्की जमेल, आणि यापेक्षा सुंदर बारशाची भेट मला सुचत नाही. चिमणीचं अंग म्हणजे तोच 24 टाक्यांचा गोळा. पंखांसाठी रिंगेत 6, मग 12, मग 18 ची चकती, ती दुमडून अर्धगोल केली की एक पंख. चोचीला चार टाक्यांची रिंग, पुढच्या फेरीत एक वाढवून पाच, पुरे. शेपटीला पाच-सहा साखळ्यांचे तीन वेढे एकाच ठिकाणी. पाच चिमण्या पाच रंगांत कर, मधे एक पोपट.

ते मणी मात्र ठेवून दे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूत निघू शकणारी छोटी गोष्ट असूच नये. घट्ट बसवलेले तयार प्लास्टिकचे डोळेसुद्धा इतक्या लहान बाळासाठी नकोत, कारण वीण ताणली की टाक्यांतून ते निसटू शकतात. डोळे दोऱ्यानेच भर. फक्त घट्ट विणलेल्या भागावर भर आणि शेपटं आत खोल ने.

चिमणाळं बाळाच्या हाताला लागणार नाही एवढं उंच बांधायला सांग, दोऱ्या आखूड ठेव. आणि बाळ हातांवर रेटून उठायला लागलं, किंवा पाच महिन्यांचं झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते काढून ठेवायचं, हे नणंदेला आवर्जून सांग. नंतर खिडकीत टांगा, तिथेही शोभतं.

चाफेकळी

हे कुणी सांगितलंच नव्हतं. मणी परत डब्यात गेले. पोपटाला हिरवा आणि चोचीला लाल धागा आणते.

सुईदोरा

लाल आणताय तर एक करा. धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवा. रंग उतरला तर तो धागा पिवळ्या-पांढऱ्या चिमणीशेजारी नको, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळ्या गुलाबी होतील.

अबोली

भाचीचा सशाचा चेहरा सुरू झालाय, प्रचि संध्याकाळी टाकते. ती कानांत गुंतली आहे तोवर माझा मोदक इथे देते. भाद्रपद लांब असला तरी आत्ता करून ठेवला तर घाई होत नाही.

टोकापासून सुरू करायचा. रिंगेत 6, दुसरी फेरी 6 सरळ. तिसरी एक साधा, एकात दोन असं तीन वेळा, 9. चौथी दोन साधे, एकात दोन, 12. पाचवी 18, सहावी 24, सातवी 30, लाडवासारखंच वाढवत. मग तीन फेऱ्या 30 सरळ. तळ सपाट बसायला पुढची घटवायची फेरी टाक्यांच्या फक्त मागच्या पदरांतून विणायची, त्याने तळाला सुंदर कड उमटते. तिथून 24, 18, भरायचं, 12, 6 आणि बंद.

खरी गंमत कळ्यांची. बोथट सुईत लांब धागा ओवून तळाच्या मध्यातून टोकाला काढा, बाहेरून खाली तळाच्या मध्यात आणा, पुन्हा आतून टोकाला. दर वेळी किंचित ताणा. असं आठ वेळा केलं की उकडीच्या मोदकासारख्या कळ्या पडतात. एकदम घट्ट ओढू नका, आधी सगळे धागे सैल टाका, अंतर सारखं झालं की एकेक ताणत या. टोकावर केशरी धाग्याचे दोन टाके घातले की केशराच्या काड्या.

परळची_पोर

अबोलीताई, हा मोदक फारच सुरेख! मी असे करून गणपतीत आमच्या चाळीत स्टॉल लावू का? विकायला काही परवानगी लागते का?

मुलुंडचा_विणकर

शोभेची वस्तू आणि खेळणं यांत फरक आहे. 1 जानेवारी 2021 पासून भारतात 14 वर्षांखालच्या मुलांसाठीची खेळणी विकायला बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणन म्हणजे आयएसआय चिन्ह लागतं. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. तेव्हा नियमित विकायचं मनात असेल तर कारागीर म्हणून नोंदणी करून घे आणि ओळखपत्र काढ, इतर योजनांसाठीही ते उपयोगी पडतं. तोरण, मोदक, किचेन असं शोभेचं विकलंस तरी ‘लहान बाळांसाठी नाही’ अशी चिठ्ठी प्रत्येकाला लाव.

शिवडी_सकाळ

सुलट करून झालं, लाडू तयार! पण पावसाळ्यात यांना वास येईल का? आमच्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

सुईदोरा

म्हणूनच कापूस भरू नका म्हणते. कापूस ओल धरतो, धुतला की आत गोळे होतात आणि मुंबईच्या जुलैत आतून वाळतच नाही. पॉलिएस्टर पाणी धरत नाही. धुवायची वेळ आलीच तर साबणाच्या कोमट पाण्यात हलकेच दाबा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली ठेवा. करून ठेवलेली वाणं हवाबंद डब्यात, सोबत औषधाच्या बाटल्यांत येते ती सिलिका जेलची पुडी. चिमणीला किंवा फुलाला आतून तार घालायची असेल तर साधी लोखंडी घेऊ नका, गंजाचा डाग धाग्यावर येतो आणि निघत नाही.

ठाकुर्ली_फास्ट

माझे लाडू भरून तयार आहेत, टांगायची दोरी कशी लावू? शिवली तर एका बाजूला झुकतात.

सुईदोरा

बंद करायच्या आधी विचारायला हवं होतंस गं, पण अजून मार्ग आहे. वीस-बावीस साखळ्यांची दोरी विण, दोन्ही टोकं लांब ठेव. बोथट सुईत एक टोक ओवून लाडवाच्या जिथे रिंग आहे तिथून आत घाल, तळातून बाहेर काढ. दुसरं टोक एक टाका सोडून तसंच. तळाशी दोन्हींची गाठ मारून टोकं आत ओढून घे. वजन तळाला लागतं, म्हणून लाडू सरळ लोंबतो आणि दोरी ओढली तरी वरचा टाका फाटत नाही. ज्यांचे अजून उघडे आहेत त्यांनी फायबर भरण्याआधी हेच आतून करा, गाठ आतच राहील.

आणि वाण देताना लाडवाबरोबर त्याच धाग्याचा हातभर तुकडा कागदाला गुंडाळून द्या. टाका कधी उसवला तर घेणारीला त्याच रंगाने सांधता येईल.